मोटार, मालक आणि मिस्त्री

सुशिक्षित मनुष्य वैद्याकडे जातो तेव्हां आपल्याला काय होत आहे तें सांगतो. वकिलाकडे जातो तेव्हां काय घडलें तें सांगतो. मोटार घेऊन गॅरेजांत जातो तेव्हां मात्र काय घडलें तें न सांगतां काय करावयाचें तें सांगतो. “सस्पेन्शन पाहा,” “इंजेक्टर साफ करा,” “क्लच गेला आहे, बदलून टाका,” अशा त्याच्या आज्ञा असतात. हें निदान त्यानें आणलेलें असतें कोठून? शेजाऱ्याच्या गाडीला गेल्या वर्षीं तेंच झालेलें असतें, किंवा कचेरींतील एखाद्या स्नेह्यानें चहा घेतां घेतां तसें ठासून सांगितलेलें असतें. मिस्त्री बिचारा ती आज्ञा प्रमाण मानतो, सांगितलेला भाग बदलतो आणि बिल करतो. दोष गाडींत होता तेथेंच राहतो. मग मालक म्हणतो, मिस्त्र्यानें फसविलें. मिस्त्री म्हणतो, साहेबांनीं सांगितलें तेंच केलें. दोघांचेंहि म्हणणें त्यांच्या त्यांच्या परीनें खरेंच असतें, आणि म्हणूनच हें भांडण मिटत नाहीं.

गॅरेजांत लबाडी नसतेच असें कोणी म्हणणार नाहीं. न बदललेल्या भागाचे पैसे घेणारे आहेत, चांगला भाग काढून जुना बसविणारेहि आहेत. परंतु त्या रोगाला एक साधें औषध आहे: काढलेला जुना भाग परत मागावा आणि घरीं न्यावा. खरा अवघड प्रसंग येतो तो दोन प्रामाणिक माणसें समोरासमोर उभीं राहून एकमेकांना चोर समजूं लागतात तेव्हां.

याचें एक मूळ भाषेंत आहे. आपल्याकडील गॅरेजांची एक स्वतंत्र बोली आहे. तिच्यांत इंग्रजी शब्द पुष्कळ, पण त्यांना इंग्रजी म्हणावें असे ते आतां राहिलेले नाहींत. जादा चाकाला सबंध भारतांत ‘स्टेपनी’ म्हणतात. वेल्समधील लानेल्ली गांवीं स्टेपनी नांवाचा एक रस्ता आहे. १९०४ च्या सुमारास तेथील एका कारखानदारानें जादा चाकाची युक्ति काढली आणि रस्त्याचें नांव चाकाला चिकटलें. खुद्द त्या देशांत तो शब्द आज फारसा कोणाला आठवत नाहीं. आमच्याकडे मात्र ट्रकच्या क्लीनरापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांच्या तोंडीं तो आहे. जुन्या पेट्रोल-गाडीच्या इंजिनांत प्रत्येक नळकांड्याला पाळीपाळीनें ठिणगी वांटून देणारें एक यंत्र असे. मिस्त्री त्याला ‘डेलको’ म्हणे, आणि तें तर एका अमेरिकन कंपनीचें नांव. सामानाच्या जागेला आपण ‘डिकी’ म्हणतों; पूर्वीच्या कांहीं गाड्यांच्या मागल्या अंगाला उघडझांप करणारी एक जादा बैठक असे, तिचें हें नांव. इंजिन सबंध उघडून, झिजलेलें बदलून पुन्हां जोडण्याच्या कामाला इंग्रजींत ‘ओव्हरहॉल’ असा शब्द आहे, गॅरेजांत त्याचें ‘ओव्हरऑइल’ झालें आहे, आणि बिलावर तो शब्द वाचून “एवढ्या हजारांचें ऑइल ओतलें तरी कोठें?” असें विचारणाऱ्या मालकाला वेडा ठरवितां येणार नाहीं.

हे शब्द चुकीचे आहेत असें समजण्याचें कारण नाहीं. पिढ्यान् पिढ्या हातानें काम करणाऱ्या माणसांनीं ते घडविलेले आहेत, आणि त्यांचे अर्थ पुष्कळदा मालकाच्या शब्दांपेक्षां अधिक रेखीव असतात. ‘गाडी ऑइल खाते’ आणि ‘गाडीचें ऑइल गळतें’ हीं दोन वाक्यें मालकाला सारखींच वाटतात; पट्टी काढून पाहिली, ऑइल कमी दिसलें, एवढेंच त्याला ठाऊक असतें. मिस्त्र्याच्या लेखीं त्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. ऑइल गळत असेल तर गाडी उभी करण्याच्या जागीं जमिनीवर काळे डाग पडतात आणि एखादें गॅस्केट किंवा सील बदलून काम भागण्याचा संभव असतो. ऑइल खात असेल तर डाग कोठेंच नसतो. तें इंजिनाच्या पोटांत जळून निळसर धुराच्या रूपानें मागच्या नळींतून निघून जातें, आणि मग पिस्टनच्या रिंगांची किंवा व्हॉल्व्हच्या सीलांची गोष्ट निघते. तेव्हां मालकानें सहज म्हटलेल्या ‘खाते’ या एका क्रियापदावर इंजिन उघडावें कीं न उघडावें हें अवलंबून असूं शकतें. ‘सर्व्हिसिंग’ हाहि तसाच एक शब्द. मालकाच्या मनांत त्याचा अर्थ गाडी नखशिखान्त तपासून निर्दोष करणें असा असतो. गॅरेजांत त्याचा अर्थ बहुधा ऑइल आणि फिल्टर बदलणें, यादींतील ठराविक गोष्टी पाहणें आणि गाडी धुणें एवढाच. “परवांच सर्व्हिसिंग केलें, मग आज बॅटरी कशी गेली?” या प्रश्नांतला संताप या दोन अर्थांच्या फटींतून बाहेर येतो.

ब्रेकच्या बाबतींत मात्र ही फट जिवावर बेतणारी आहे. “ब्रेक बरोबर लागत नाहींत” असें सांगून मालक गाडीची किल्ली टेबलावर ठेवतो. या एका वाक्याच्या पोटांत निदान पांच निरनिराळे दोष दडलेले असूं शकतात. पेडल पायाखालीं रबरासारखें दबत असेल तर नळ्यांत हवा शिरलेली असण्याचा संभव. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू तळाकडे उतरत जात असेल तर दाब कोठेंतरी निसटतो आहे. बाहेर ओल दिसत नसेल तर मुख्य सिलिंडरच्या आंतील रबर गेलेलें असतें. पेडल दगडासारखें घट्ट झालें आणि सर्व जोर लावूनहि गाडी आवरत नसेल, तर पायाला मदत करणारा बूस्टर काम देत नाहीं. ब्रेक दाबतांना पाऊल थरथरत असेल तर बहुधा चकती असमान झिजली आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचा ब्रेक धरतो आणि दुसऱ्याचा धरत नाहीं. आतां गंमत अशी कीं, “ब्रेक हार्ड आहेत” असें मालक म्हणतो तेव्हां ब्रेक जोरांत लागतात अशी त्याची तारीफ असते; तेच शब्द मिस्त्री ऐकतो तेव्हां त्याच्या डोळ्यांसमोर तें दगडी पेडल उभें राहतें. एकाची स्तुति ती दुसऱ्याची तक्रार.

आणि ब्रेकमध्यें घालावयाच्या द्रवाला तर सर्वच जण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. सर्वसाधारण गाड्यांत तें ऑइल नसतेंच. तो ग्लायकॉलच्या जातीचा द्रव आहे. नांवावर भिस्त ठेवून एखाद्यानें घरांत शिल्लक राहिलेलें इंजिनाचें ऑइल त्या बाटलींत ओतलें तर ब्रेकमधील रबरी सीलें फुगून निकामी होतात. शिवाय हा द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो. डॉट-३ या प्रतीचा कोरा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. तोच ओलावलेला असला कीं ही मर्यादा १४० अंशांवर येते. अशी गाडी गांवांत फिरतांना कांहींच तक्रार करीत नाहीं. लांब घाट उतरतांना चाकें तापतात, द्रवाला उकळी फुटते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल एकाएकीं पोकळ होतें. वर थांबून अर्धा तास गेला कीं सारें पूर्ववत्. गांवांतल्या मिस्त्र्याला हें सांगावयाचें तर ‘घाटांत, उतरतांना, वीस मिनिटांनंतर’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे. आणि मालक बहुधा नेमके तेच गाळतो, कारण गाडी खोपोलीच्या उतारावर होती कीं शनिवारवाड्यापाशीं होती याचा यंत्राशीं काय संबंध असें त्याला वाटतें.

घाटांतील या लपंडावाचा अनुभव जुन्या पिढीला चांगला होता. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी फियाट, जी पुढें पद्मिनी झाली, उन्हाळ्यांत खंडाळ्याचा चढ चढतांना पुष्कळदा बंद पडे. पंपांतील आणि नळींतील पेट्रोल तापून त्याची वाफ होई, आणि वाफ पुढें ढकलण्याची त्या पंपाची ताकद नसे. अनुभवी मालक ओलें फडकें पंपावर ठेवीत आणि सोबतच्या मंडळींना दरीची शोभा दाखवीत बसत. मिस्त्र्याला आणावें तोंवर गाडी थंड होऊन गुपचूप सुरू होई. परंतु त्या काळीं बॉनेट उघडून मालक आणि मिस्त्री दोघेहि एकाच इंजिनावर वांकत. बोटानें दाखवितां येत असे, त्यामुळें शब्द चुकला तरी काम अडत नसे. २०२३ च्या ऑक्टोबरांत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आजच्या गाडीचें बॉनेट उघडलें तर वर प्लॅस्टिकचें एक झांकण दिसतें आणि बोट दाखविण्यास जागा उरत नाहीं.

त्या जागीं आतां संगणकाचा संकेतांक आला आहे. २०१० नंतर आपल्याकडील नव्या गाड्यांत टप्प्याटप्प्यानें अशी व्यवस्था सक्तीची झाली कीं, इंजिनानें आपलें दुखणें स्वतःच टिपून ठेवावें आणि यंत्र जोडतांच सांगावें. यानें गैरसमज मिटेल असें वाटलें होतें. प्रत्यक्षांत तो एक पायरी वर सरकला. ‘पी ०१७१’ असा आंकडा आला तर त्याचा अर्थ एवढाच कीं, इंजिनाला पेट्रोलच्या मानानें हवा जास्त मिळते आहे. ती एखाद्या चिरलेल्या नळींतून शिरत असेल, हवा मोजणारा भाग मळला असेल, किंवा पेट्रोलचा पंपच थकला असेल. आंकडा तक्रार सांगतो, निदान सांगत नाहीं. पण ‘संगणकानें सांगितलें’ हे शब्द उच्चारले कीं मालकाचें तोंड बंद होतें आणि मिस्त्र्याची जिज्ञासाहि थोडी मंदावते. ऑक्सिजन-सेन्सर बदलला जातो, आणि आठ दिवसांनीं तोच पिंवळा दिवा पुन्हां लागतो.

आवाजाच्या बाबतींत तर मराठी माणसानें कोणापुढें हार जाण्याचें कारण नव्हतें. खडखड, खरखर, करकर, किणकिण, घरघर, टकटक, चिरचिर, घूं-घूं असे कितीतरी शब्द या भाषेनें कानाच्या सेवेला दिलेले आहेत, आणि गाडीच्या आवाजांना ते चपखल बसतात. गतिरोधकावरून हळू जातांना करकर करतें तें बहुधा रबरी बुश. सकाळीं इंजिन सुरू करतांच किंचाळून मग थांबतो तो सैल झालेला पट्टा. वेग वाढेल तसें वाढत जाणारें, विमानासारखें घुमणें ऐकूं आलें तर चाकाच्या बेअरिंगकडे पाहावें. आणि गाडी उजवीकडे वळतांना तें वाढत असेल तर दोष बहुधा डाव्या चाकाचा, कारण वळतांना भार त्या बाजूला पडतो. मोलकरणीच्या हातून भांडें पडलें तर तें कांशाचें होतें कीं पितळेचें हें आंतल्या खोलींतून ओळखणाऱ्या घरांत गाडीचे आवाज ओळखूं येत नाहींत असें नाहीं. पण गॅरेजांत गेल्यावर सुशिक्षित माणसाला ‘घूं-घूं’ म्हणावयाची लाज वाटते. तो म्हणतो, “फ्रंटला कांहींतरी प्रॉब्लेम आहे.”

शिवाय तो आवाज ऐकणारा एक, सांगणारा दुसरा, लिहून घेणारा तिसरा आणि दुरुस्त करणारा चौथा. मोठ्या वर्कशॉपांत गाडी घेणारा तरुण स्वच्छ सदऱ्यांत टेबलामागें बसतो. त्याचा हात गाडीला लागत नाहीं. ज्याचा हात लागतो त्याला मालक कधीं दिसत नाहीं; त्याला दिसतें तें जॉब-कार्ड. सर्व काम त्या कार्डावर खुंटीसारखें टांगलेलें असतें.

पुण्यांतील एका घरीं घडलेली हकीकत या दृष्टीनें सांगण्यासारखी आहे. गृहस्थ बँकेंतून सेवानिवृत्त झालेले, हिशेबाला चोख. पत्नी एका शाळेंत शिक्षिका. गाडी आठ-नऊ वर्षांची, आणि ती रोज चालवीत त्या बाई. गृहस्थ रविवारीं फार तर मंडईपर्यंत नेत. एके दिवशीं बाई म्हणाल्या, “फाटकांतून बाहेर पडून वळतें ना, तेव्हां पुढून कट्-कट् असा आवाज येतो. सरळ झाली कीं थांबतो.” गृहस्थांनीं ऐकलें, आणि शनिवारीं गाडी वर्कशॉपांत नेली. टेबलापाशीं त्यांनीं सांगितलें, “पुढच्या बाजूनें आवाज येतो. सस्पेन्शन नीट पाहा.” वळण, फाटक आणि कट्-कट् हीं तिन्ही वाटेंत गळून पडलीं होतीं. कार्डावर उतरलें तें ‘पुढें आवाज, सस्पेन्शन तपासणें’ एवढेंच.

मिस्त्र्यानें गाडी सरळ रस्त्यानें नेली, गतिरोधकांवर मुद्दाम आपटली. डावीकडचा लिंक-रॉड खरोखरच सैल झालेला होता; तो खडखडला. गाडी वर उचलून तो खालीं शिरला तेव्हां त्याला आणखी एक गोष्ट दिसली, आणि त्यानें ती टेबलावरच्या तरुणाला सांगितली. दुपारीं गृहस्थांना फोन आला, “सर, लिंक-रॉड बदलावा लागेल. आणि डाव्या साइडचा बूट फाटलाय. तोपण टाकून घेऊं का? नंतर खर्च वाढेल.”

गृहस्थांनीं इंग्रजी पुस्तकें वाचलेलीं होतीं. गाडीच्या सामानाच्या जागेला विलायतेंत ‘बूट’ म्हणतात हें त्यांना ठाऊक होतें. आणि त्यांच्या गाडीच्या डिकींतील गालिचा डाव्या कोपऱ्यांत फाटलेला होताच. दोन वर्षांपूर्वीं गॅसचें सिलिंडर ठेवतांना तो फाटला होता. कांहींतरी निमित्त काढून बिल फुगविणें हा या लोकांचा धंदाच, हें त्यांचें जुनें मत. ते म्हणाले, “बूट राहूं द्या. आवाजाचें तेवढें पाहा.” तरुणानें कार्डावर प्रामाणिकपणें लिहिलें: ‘डावा बूट, ग्राहक नको म्हणाले.’

संध्याकाळीं निरोप आला, “गाडी झाली.” हेहि दोन शब्द असेच दुतोंडी. वर्कशॉपच्या भाषेंत त्यांचा अर्थ कार्डावर लिहिलेलीं कामें झालीं. घरच्या भाषेंत अर्थ आवाज गेला. गृहस्थांनीं पैसे भरले, गाडी आणली, आणि नको तो खर्च टाळल्याचें जेवतांना सांगितलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं फाटकांतून वळतांना बाईंना कट्-कट् ऐकूं आलें.

दुसऱ्या खेपेस गृहस्थ रागानेंच गेले. “पैसे घेतलेत आणि काम केलें नाहींत,” असें त्यांनीं चार लोकांदेखत सांगितलें. ज्यानें लिंक-रॉड खरोखर बदलला होता तो मिस्त्री बाजूला उभा राहून ऐकत होता. जुना भाग दाखवावा तर तो भंगारांत गेलेला. गाडी पुन्हां सरळ रस्त्यानें फिरवून आणली. ती निमूट चालली. “सर, आवाज नाहीं,” असें उत्तर मिळालें. गृहस्थांनीं स्वतः चालवून पाहिली, तीहि सरळ रस्त्यानें; त्यांनाहि तो आला नाहीं. घरीं आल्यावर त्यांनीं पत्नीला म्हटलें, “तुला भास होत असेल.”

या वाक्यापाशीं क्षणभर थांबलें पाहिजे. रोज सकाळीं जो आवाज ऐकूं येतो तो नाहींच, असें दोन पुरुषांनीं, एकानें कार्ड पाहून आणि दुसऱ्यानें बिल पाहून, ठरविलें होतें. आणि तो ऐकणाऱ्या बाईंना त्यांतील एकानेंहि गाडींत शेजारीं बसवून “कोठें येतो, दाखवा” म्हटलें नव्हतें. बाईंनीं पुन्हां त्याचें नांव काढलें नाहीं. वळण आलें कीं त्या गाडींतील रेडिओ बंद करीत आणि कान देऊन ऐकत. मग पावसाळा लागला. फाटलेल्या रबरांतून चिखल आणि पाणी आंत जाऊं लागलें. कट्-कट् रिव्हर्स घेतांनाहि येऊं लागली, आणि जुलैंतील एका संध्याकाळीं भर चौकांत वळतांना सुकाणूच हाताला हिसके देऊं लागलें. बाईंनीं गाडी घरीं न आणतां तशीच हळूहळू वर्कशॉपांत नेली, आणि टेबल ओलांडून सरळ आंत गेल्या.

आंत एक वयस्क मिस्त्री होता. त्यानें किल्ली मागितली नाहीं, कार्डहि मागितलें नाहीं. त्यानें विचारलें, “आवाज सरळ जातांना येतो कीं वळतांना?”

“वळतांना. स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी उचलली कीं. सरळ झाली कीं बंद.”

“मग मॅडम, चालवून बघायची गरज नाहीं.” असें म्हणून तो विजेरी घेऊन खालीं शिरला. थोड्या वेळानें त्यानें बाईंना वांकून पाहावयास सांगितलें. इंजिनाची शक्ति पुढच्या चाकाला नेणारा दांडा चाकापाशीं एका सांध्यांत शिरतो. चाक वळलें तरी दांडा फिरत राहावा अशी त्या सांध्यांत पोलादी गोळ्यांची योजना असते. त्या सांध्यावर हार्मोनियमच्या भात्यासारखें घडीचें एक रबरी आवरण असतें. आंतील ग्रीस बाहेर जाऊं नये आणि बाहेरची धूळ आंत येऊं नये एवढेंच त्याचें काम. तें एका घडीवर फाटलें होतें, आणि उडालेल्या ग्रीसनें चाकाची आंतली बाजू काळी झाली होती. “हा बूट,” मिस्त्री म्हणाला. “पहिल्यांदा फाटला तेव्हां साफ करून ग्रीस भरून नवा घातला असता तर काम शेंकड्यांत होतें. आतां गोळ्या झिजल्या. सांधाच बदलावा लागेल, हजारांत जाईल. आमच्या पोरानें सांगितलें असेल कीं.”

कार्ड शोधण्यांत आलें. बाईंनीं तें वाचलें. ‘डावा बूट, ग्राहक नको म्हणाले.’ ग्राहक कोण हें त्यांच्या ध्यानांत यावयास वेळ लागला नाहीं.

नवा सांधा दुसऱ्या दिवशीं यावयाचा होता. बाई रिक्षानें घरीं गेल्या. रात्रीं त्यांनीं एवढेंच विचारलें, “त्यांनीं बुटाचें सांगितलें होतें का?” गृहस्थ म्हणाले, “हो, तो डिकींतला गालिचा.” बाईंनीं समजावून सांगितल्यावर ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “मग त्यांनीं तसें सांगावयाचें होतें.” बोलणें त्यांचें चूक नव्हतें. ‘चाकापाशीं रबर फाटलें आहे’ एवढें वाक्य त्या तरुणानें उच्चारलें असतें, किंवा गृहस्थांनीं “बूट म्हणजे काय?” एवढे तीन शब्द विचारले असते, तर पावसाळ्यापूर्वींच प्रकरण आटोपलें असतें. परंतु एकाला तो शब्द इतका सवयीचा होता कीं कोणाला तो कळत नसेल हें त्याच्या स्वप्नांतहि आलें नाहीं. आणि दुसऱ्याला तो इतका ओळखीचा वाटला कीं विचारण्याचें कारणच नव्हतें. अनोळखी शब्दानें असा घात क्वचितच होतो. त्याचा अर्थ माणूस निदान विचारतो तरी.

सकाळीं दोघेंहि वर्कशॉपांत गेलीं. दुरुस्ति सुरू होण्यापूर्वीं वयस्क मिस्त्र्यानें बाईंना शेजारीं बसवून, सुकाणू पूर्ण डावीकडे फिरवून, गाडी आवारांतच एकदां गोल फिरविली, मग उजवीकडे फिरवून आणखी एकदां. गृहस्थ फाटकापाशीं उभे होते. दुसऱ्या फेरीला तो आवाज त्यांना स्वच्छ ऐकूं आला: कट्, कट्, कट्, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर, कोणीं सुपारी कातरावी तसा. गाडी थांबल्यावर ते जवळ गेले आणि खिडकीशीं वांकून म्हणाले, “हाच का तो?”

बाईंचें तिकडे लक्ष नव्हतें. उजव्या बाजूचा बूट कसा आहे, तें त्या मिस्त्र्याला विचारीत होत्या.